‘पुस मॉथ’चा रंग

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, ते ‘पुस मॉथ’ विमानातून. त्याची १:७२ प्रमाणातील प्रतिकृती करताना ११.२ मीटरचा पंखविस्तार साडेपंधरा सेंटिमीटरांवर आणणे हे नुसते गणित. खरा पेच रंगाचा आहे. कृष्णधवल छायाचित्र ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर घेतलेले असेल, तर तांबडा रंग काळ्यासारखा उमटतो आणि निळा फिकट. त्यामुळे गडद भाग मुळात कोणत्या रंगाचा होता, हे केवळ पाहून ठरत नाही.

मग मोह होतो तो १९८२ कडे वळण्याचा. त्या वर्षी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जेआरडींनी तेच उड्डाण पुन्हा केले, परंतु ‘लेपर्ड मॉथ’मधून. ‘पुस मॉथ’चा सांगाडा पोलादी नळ्यांचा, याचा प्लायवूडचा. म्हणजे स्मरणाचे विमानही एका अर्थी प्रतिकृतीच होते! त्यावरून मूळ विमान रंगवणे म्हणजे उत्तरकालीन पोथीवरून मूळ संहितेतील गळालेली ओळ भरणे. संहितेचा संपादक निदान तळटीप देतो. रंगाच्या थराला ती सोय नाही. महाडच्या पावसाळी हवेत रंग लवकर वाळत नाही, तेवढीच फेरविचाराला सवड. माझ्या प्रतिकृतीचे धड अजून अस्तराच्या करड्या रंगातच आहे.