हवेचा आकडा आणि तो मोजणारी माणसं

थंडी सुरू झाली की 'मुंबईची हवा बिघडली', 'पुण्याची हवा खराब' अशा बातम्या रोज येऊ लागतात. पण हा आकडा येतो कुठून आणि तो वाचून आपण घरात काय करायचं, हे कळलं तरच बातमीचा उपयोग. त्यासाठी ही थोडक्यात माहिती.

आकडा म्हणजे काय?

भारतात एअर क्वालिटी इंडेक्स म्हणजे 'एक्यूआय' २०१५ पासून सुरू झाला. त्यात आठ प्रदूषकांचा विचार होतो आणि ज्याचं प्रमाण सर्वांत वाईट, त्यावरून आकडा ठरतो. ५० पर्यंत हवा चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत खराब, ४०० पर्यंत अतिशय खराब आणि त्यापुढे गंभीर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर हा आकडा मोफत पाहता येतो.

सगळ्यांत घातक असतात ते पीएम २.५ हे कण. डोक्याच्या केसापेक्षा सुमारे तीसपट बारीक. ते फुप्फुसात खोलवर जातात, तिथून रक्तात उतरतात. म्हणून धूळ-धूर फक्त खोकल्याचं कारण नाही. हृदयविकार आणि पक्षाघाताचाही धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या आणि बाहेरच्या दूषित हवेमुळे जगात वर्षाला सुमारे ७० लाख लोक अकाली मरण पावतात.

पुण्याचं 'सफर'

या कामात पुण्याचं नाव मोठं आहे. इथल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 'सफर' ही यंत्रणा तयार झाली. उर्दूत सफर म्हणजे प्रवास. इथे मात्र ते इंग्रजी नावाचं संक्षिप्त रूप आहे. शास्त्रज्ञ डॉ. गुफ्रान बेग हे तिचे संस्थापक प्रकल्प संचालक. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी ती दिल्लीत सुरू झाली, नंतर पुणे, मुंबई आणि अहमदाबादला आली. आजची हवा मोजण्याबरोबरच पुढच्या एक-दोन दिवसांचा अंदाजही ती देते. दम्याच्या रुग्णाला आदल्या दिवशी कळलं, तर तो बाहेरची कामं पुढे ढकलू शकतो.

चुलीचा धूर

प्रदूषण फक्त रस्त्यावर असतं असं नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत चुलीजवळचा धूर मोजला. बायका आणि त्यांच्याजवळ बसलेली लहान मुलं किती धूर ओढतात, हे जगासमोर आलं.

पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सहलेखकासह दाखवून दिलं की सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, बिडी-सिगारेट कधी न ओढलेल्यांनाही मोठ्या प्रमाणात होतो. चुलीचा धूर हे त्याचं मोठं कारण. त्यामुळे आजी-अम्मींचा जुना खोकला 'वयाचा' म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांकडे गेल्यावर किती वर्षं चुलीवर स्वयंपाक केला, हेही आवर्जून सांगावं.

आपल्या हातात काय?

• बंद खोलीत मच्छर कॉइल लावू नये. त्यातले बारीक कण अनेक डझन सिगारेटींइतके असू शकतात. मच्छरदाणी बरी. लोबान, अगरबत्ती लावताना खिडकी उघडी ठेवावी.
• हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत धूर अडकवून ठेवते. आकडा २०० च्या वर असेल तर फिरायला ऊन वर आल्यावर जावं. शाळांनीही मैदानाचा तास उशिरा घ्यावा.
• कचरा जाळू नये, विशेषतः प्लास्टिक.
• रुमालाने बारीक कण अडत नाहीत. नीट बसणारा एन-९५ मास्क वापरावा.
• इनहेलरची 'सवय लागते' हा गैरसमज आहे. डॉक्टरांना न विचारता तो बंद करू नये.

तज्ज्ञ मोजतात, इशारा देतात. तो ऐकून मोहल्ल्यातला पेटलेला कचरा विझवणं आणि नगरपालिकेकडे तक्रार करणं, हे काम मात्र आपलंच आहे.