वलयविस्तारांची सरलता: एका संकल्पनेचा इतिहास

‘सरल वलय’ या संज्ञेतील ‘सरल’ शब्दाचा सोपेपणाशी संबंध नाही. ज्या शून्येतर वलयात शून्य व ते वलय स्वतः यांखेरीज अन्य द्विपार्श्व आदर्श नसतो, ते सरल होय. वलयाचा विस्तार केला असता ही सरलता कोठून येते? या प्रश्नाचा इतिहास पाहता, ती मूळ वलयाकडून वारशाने येतेच असे नाही, हे दिसून येते.

१९०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात वेडरबर्न यांनी परिमित मितीच्या सरल बीजगणितांचे स्वरूप निश्चित केले. ज्यांत प्रत्येक शून्येतर घटकाला व्यस्त असतो, अशा बीजगणितांवरील आव्यूहांनीच ती बनतात. परंतु १९२५ मध्ये बॉर्न व योर्डान यांच्या पुंजयामिकीतून, स्थिरांक वगळता, य·क्ष − क्ष·य = १ या रूपाचा संबंध पुढे आला. संमिश्र संख्यांच्या परिमित आव्यूहांना तो पाळता येत नाही. डाव्या बाजूच्या मुख्य कर्णावरील घटकांची बेरीज शून्य होते, उजव्या बाजूची होत नाही. अर्थात वेडरबर्न यांची चौकट येथे अपुरी पडली.

१९३३ मध्ये लिटलवुड यांनी या संबंधातून उपजणारे बीजगणित तपासले आणि त्यावर आणखी कोणताही नवा संबंध लादल्यास विसंगती उद्भवते, असे दाखविले. आजच्या परिभाषेत ही सरलताच होय. त्याच वर्षी ओरे यांनी अक्रमनिरपेक्ष बहुपदींचा सिद्धांत मांडला. त्यात चल य हा मूळ वलयातील र या घटकाला ओलांडताना य·र = र·य + द(र) असा नियम येऊ शकतो; येथे द हे विकलन होय.

मूळ वलयात परिमेय संख्या अंतर्भूत असल्यास अशा विस्ताराच्या सरलतेला दोन अटी आवश्यक व पुरेशा ठरतात. पहिली, द खाली स्थिर राहणारा अन्य आदर्श मूळ वलयात नसावा. दुसरी, द आंतरिक नसावे. द(र) = अ·र − र·अ असेल, तर य − अ हा मूळ वलयातील प्रत्येक घटकाशी क्रमनिरपेक्ष होतो व त्याच्यापासून निर्माण होणारा आदर्श सरलतेला बाध आणतो.

क्ष च्या बहुपदींचे वलय स्वतः सरल नाही. तथापि शून्येतर बहुपदीचे वारंवार विकलन केल्यास शेवटी शून्येतर स्थिरांकच उरतो. म्हणून पहिली अट पूर्ण होते. वलय क्रमनिरपेक्ष असल्याने दुसरीही होते. परंतु ज्या क्षेत्रात प या अविभाज्य संख्येइतक्या वेळा १ मिळविल्यास शून्य येते, तेथे य चा प-वा घात सर्वांशी क्रमनिरपेक्ष होतो आणि सरलता लोपते.

१९५७ मध्ये अमित्सूर यांनी सरल वलयांवरील विकलनांचा विचार केला. १९६८ मध्ये दिक्समिए यांच्या निबंधाने ‘वाइल बीजगणित’ हे नाव रूढ केले. तोवर एक गोष्ट स्पष्ट झाली होती: विस्ताराची सरलता ठरविताना मूळ वलयाइतकेच त्यावर क्रिया करणारे विकलनही निर्णायक असते.