सर्व्हे नंबर १२४, कोथरूड

पौड रस्त्यावरच्या एमआयटीच्या पत्त्यात आजही ‘सर्व्हे नंबर १२४’ असं लिहिलेलं असतं. आसपासच्या कित्येक सोसायट्यांच्या पाट्यांवर असेच आकडे दिसतात. कोथरूड गाव होतं तेव्हाचे हे शेतांचे नंबर. शेतं गेली, इमारती उभ्या राहिल्या, नंबर टिकले. डेटाबेसवाले जिला ‘की’ म्हणतात, म्हणजे नोंद ओळखायची कायमची खूण, ती हीच.

शेतांना असे नंबर देणाऱ्या मोजणीची पद्धत पुणे जिल्ह्यातच घडली. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात शेतवार मोजणी हाती घेतली. तेव्हा सरकारला सारा कोण भरणार, एवढंच कळायला हवं होतं. जमिनीवर कोणाचा कसला हक्क आहे, हे रीतसर लिहिलं जाऊ लागलं ते १९०३ च्या कायद्यानंतर.

पुढे गावच्या दप्तराचे क्रमांकवार ‘गाव नमुने’ ठरले. सातमध्ये हक्क, बारामध्ये पिकं (म्हणूनच सातबारा), आठ-अ मध्ये खातेदाराची एकूण जमीन, सहामध्ये फेरफार. रकाने सगळ्या गावांना सारखेच. डेटाबेसच्या भाषेत हाच त्या दप्तराचा स्कीमा.

पण खरी अक्कल दिसते ती कोणी कुठे लिहायचं, यात. खरेदी झाली की तलाठी फेरफार धरतो, चावडीवर नोटीस लावतो, संबंधितांना लेखी कळवतो. हाताने लिहिण्याच्या काळात तोवर सातबारावरची नोंद पेन्सिलीची असे. मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित केली की शाई चढे आणि जुन्या नावाला कंस पडे. हरकत आलीच, तर ती सहा-अ या वेगळ्या नमुन्यात जाते. लिहिणारा मंजूर करत नाही, मंजूर करणारा लिहीत नाही. उतारा मात्र कोणीही मागावा. संगणकाच्या जगात असे अधिकार देण्या-काढण्याची रीत आयबीएमच्या ग्रिफिथ्स आणि वेड यांनी १९७६ मध्ये मांडली. चावडीला ती त्याआधीच अंगवळणी पडली होती.

ई-फेरफार या संगणकीय प्रणालीत ही वाटणी तशीच उतरली. तलाठ्याचं लॉगिन वेगळं, मंडळ अधिकाऱ्याचं वेगळं. तालुक्याचा डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा, म्हणून नायब तहसीलदार. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला.

पेन्सिल गेली, नोटीस राहिली. गावाकडे वडिलोपार्जित जमीन असलेल्या कोथरूडकरांनी ती आली की त्याच दिवशी वाचावी. हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात.