राखीव प्रत आणि प्रताधिकार : एका कलमाचा इतिहास

संगणकीय खेळ ज्या फ्लॉपीवर, सीडीवर अथवा कार्ट्रिजमध्ये विकला जातो, ती वस्तू खेळापेक्षा अल्पायुषी असते. चुंबकीय थर क्षीण होतो, सीडीवर चरे पडतात, यंत्रे बदलतात. अशा वेळी दाम देऊन घेतलेल्या त्याच खेळाची प्रत इंटरनेटवरून उतरवून घेण्यास खरेदीदार मोकळा आहे काय, असा प्रश्न उद्भवतो. ज्याने एकदा मूल्य चुकते केले त्याने प्रत कोठूनही मिळवावी, अशी सर्वसामान्य समजूत आहे. भारतीय प्रताधिकार कायद्याचा इतिहास पाहता ती टिकत नाही. प्रत कोणापाशी आहे एवढेच पाहून कायदा थांबत नाही. ती कोणत्या प्रतीवरून उतरली, हेही तो विचारतो.

प्रतीचे कुळ शोधण्याची ही दृष्टी मराठी अभ्यासकांना अपरिचित नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तो प्रतींच्या तारतम्यानेच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली, तिचाही पाया हस्तलिखितांची वंशावळ हाच होता. मात्र तेथे प्रश्न पाठाच्या शुद्धतेचा होता. नक्कल करण्याच्या अधिकाराचा नव्हता. पोथीची नक्कल करणे हे पुण्यकर्मच मानले जाई. नक्कल हा हक्काचा विषय झाला तो मुद्रणयुगात. कंपनी सरकारचा १८४७ चा कायदा, त्यानंतर १९१४ चा कायदा आणि स्वतंत्र भारताचा १९५७ चा प्रताधिकार कायदा, अशी ही परंपरा आहे.

१९५७ च्या कायद्यात संगणकाचा विचार नव्हता. १९८४ च्या दुरुस्तीने ‘वाङ्मयकृती’ या संज्ञेत संगणक-आज्ञावलीचा समावेश केला. त्यामुळे आज्ञावलीला ग्रंथाचे संरक्षण लाभले, आणि त्याबरोबर ग्रंथाला लागू असलेले अपवादही तिला लागू झाले. त्यांतील एक अपवाद उचित व्यवहार करण्याचा होता. १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५२ मधील या अपवादातून संगणक-आज्ञावली वगळली. आणि त्याच दुरुस्तीने तिच्यासाठी ‘कक’ हा स्वतंत्र खंड घातला. एका हाताने मोठी सवलत काढून घेऊन दुसऱ्या हाताने लहान सवलत द्यावी, असाच हा प्रकार होता.

या लहान सवलतीचे शब्द मोजके आहेत. आज्ञावलीच्या प्रतीचा कायदेशीर धारक त्या प्रतीवरून, नाश, हानी अथवा गहाळ होणे यांपासून केवळ तात्पुरते संरक्षण म्हणून, राखीव प्रत करू शकतो. आणि ती ज्या प्रयोजनासाठी आज्ञावली पुरविली गेली त्यापुरतीच वापरावयाची असते. येथे ‘मालक’ हा शब्द नसून ‘कायदेशीर धारक’ हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली ‘इंजिनिअरिंग ॲनालिसिस’ खटल्यात स्पष्ट केल्याप्रमाणे, आज्ञावली विकत घेणाऱ्यास प्रत मिळते, प्रताधिकार मिळत नाही. परंतु या विवेचनात कळीचे शब्द ‘त्या प्रतीवरून’ हे आहेत. १९९९ च्या दुरुस्तीने ‘कघ’ हा खंड घालून बिगरव्यापारी वैयक्तिक उपयोगासाठी नक्कल करण्याची मुभा आणखी सैल केली. तथापि तेथेही ती नक्कल स्वतः कायदेशीररीत्या मिळविलेल्या प्रतीवरूनच झाली पाहिजे, ही अट कायम राहिली.

उदाहरणार्थ, विश्रांतवाडीतील एका गृहस्थाने २००१ साली दुकानातून खेळाची सीडी विकत घेतली असे समजू. त्याने ती आपल्या संगणकावर उतरवून तिची दुसरी सीडी केली, तर ती राखीव प्रत होय. मूळ सीडी त्याने पुढे दुसऱ्यास विकली, तर धारकत्वाबरोबर राखीव प्रतीचा आधारही जातो. परंतु मूळ सीडी कपाटात ठेवून त्याने तोच खेळ कोणा अनोळखी माणसाने इंटरनेटवर ठेवलेल्या प्रतीवरून उतरविला, तर दोन्ही प्रतींतील प्रत्येक अंक सारखा असूनही ती नक्कल त्याच्या प्रतीची ठरत नाही. तिचे कुळ वेगळे आहे. विक्रेत्यानेच आपल्या ग्राहकास पुन्हा उतरवून घेण्याची सोय दिली असेल, तर गोष्ट निराळी. तेथे हक्कधारकाची संमती असते.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे, हे परदेशातील एका निर्णयावरून दिसून येते. अमेरिकेतील ‘एमपीथ्री डॉट कॉम’ या कंपनीने हजारो संगीत-सीडी विकत घेऊन त्यांच्या नकला आपल्या यंत्रांवर साठविल्या. ग्राहकाने आपली सीडी संगणकात घालून ती आपल्यापाशी असल्याचे दाखविले की तेच संगीत त्याला कोठूनही ऐकता येई. ग्राहकापाशी सीडी होती, हे कोणी नाकारले नाही. तरीही न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने २००० साली कंपनीविरुद्ध निर्णय दिला. कारण ऐकविली जाणारी नक्कल ग्राहकाच्या सीडीवरून झालेली नव्हती.

भारतात या चुकीचे परिणाम सौम्य नाहीत. उल्लंघनातून झालेली आज्ञावलीची प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे, हा १९९४ च्याच दुरुस्तीने आलेल्या कलम ६३ख अन्वये गुन्हा ठरला. त्यास किमान ७ दिवसांचा कारावास व किमान ५०,००० रुपये दंड ठरविण्यात आला. वापर लाभासाठी वा व्यवसायासाठी नसल्यास न्यायालय कारावास न देता ५०,००० रुपयांपर्यंतच्या दंडावर थांबू शकेल, अशीही तरतूद झाली. कायद्यातील ‘संगणक’ या शब्दाची व्याख्या एवढी व्यापक आहे की, दूरदर्शन संचाला जोडावयाचे खेळयंत्रही तीत बसते. उलटपक्षी, २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५क तांत्रिक कुलूप तोडण्यास शिक्षा सांगते ती हक्कभंगाचा हेतू असेल तरच. स्वतःच्या सीडीची राखीव प्रत करण्यासाठी कुलूप उघडणाऱ्याची बाजू त्यामुळे पुष्कळच बळकट राहते.

अर्थात या रचनेतून एक विषमता उद्भवते. मूळ प्रत शाबूत असताना जो सावध राहिला, त्याला कायदा साहाय्य करतो. ज्याची प्रत आधीच नष्ट झाली, त्याला करीत नाही. कारण नष्ट प्रतीवरून नक्कल होत नाही, आणि दुसरीवरून करण्याची मुभा नाही. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात ज्या पुण्याने किती तरी कागदपत्रे गमावली, त्या शहरास दुसरी प्रत नसणे म्हणजे काय, हे सांगावयास नको.

ग्रंथालयांची स्थिती तर अधिक चिंत्य आहे. २०१२ च्या दुरुस्तीने बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयास जतनासाठी कृती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठविण्याची मुभा दिली. परंतु त्या कृतीची अंकीय नसलेली प्रत ग्रंथालयापाशी असली पाहिजे, अशी अट घातली. पोथी अथवा छापील पुस्तक या अटीत बसते. जन्मतःच अंकीय असलेला खेळ अथवा जुनी मराठी आज्ञावली बसत नाही. म्हणजे जी साधने सर्वांत लवकर नष्ट होणारी, तीच या सवलतीबाहेर राहिली.

यावरून निष्कर्ष दोन निघतात. विद्यमान शब्दरचनेत, विकत घेतलेल्या खेळाचीही परक्या प्रतीवरून उतरविलेली नक्कल ‘राखीव प्रत’ म्हणून समर्थनीय ठरत नाही. धारकाचा अधिकार त्याच्या हातातील प्रतीपाशी सुरू होतो व तेथेच संपतो. दुसरे असे की, व्यक्तीला हे बंधन घालणे समजण्यासारखे असले, तरी जतनसंस्थांना तेच बंधन घालणे हे इतिहासाच्या साधनांचे नुकसान करणारे आहे. अंकीय प्रतीवरूनही जतनासाठी नक्कल करण्याची मुभा ग्रंथालयांना मिळाली, तर प्रतीच्या वंशावळीचे तत्त्व न सोडता ही उणीव भरून निघेल. ती न मिळाल्यास, विसाव्या शतकाच्या अखेरीच्या संगणकीय संस्कृतीचा अभ्यास करू पाहणाऱ्या उद्याच्या संशोधकापुढे वंशावळ असेल, परंतु प्रत नसेल.