तोआ पायोहचं चर्च आणि आमची मिस्सा

तोआ पायोह म्हणजे 'मोठी दलदल'. १९६०च्या दशकात सिंगापूरच्या हाउसिंग बोर्डाने तिथे उंच इमारती बांधल्या. गावोगावची माणसं एका जिन्यावर आली, पण ओळख कुणाची कुणाशी नाही! १९७१ मध्ये फादर पिएर आब्रियाल या फ्रेंच मिशनऱ्यांनी तिथे 'चर्च ऑफ द रायझन ख्राइस्ट' उभं केलं. बोर्डाच्या वसाहतीतलं हे पहिलं कॅथलिक चर्च. शेजाऱ्यांना एकत्र यायला जागा मिळाली.

आम्हा वसईकर ख्रिस्ती लोकांना हे वेगळं सांगायला नको. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांना वसईतून घालवलं, तरी आमचे धर्मग्राम टिकले. गंमत म्हणजे मिस्सा मात्र पिढ्यान्‌पिढ्या लॅटिनमध्ये! दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) लोकभाषांना दार उघडलं, तेव्हा कुठे आजीच्या पिढीला ती मराठीत ऐकायला मिळाली.

खरं तर मराठी कधीचीच तयार होती. गोव्यात इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' लिहिलं. १६१६ मध्ये ते छापलं गेलं, पण रोमन लिपीत. (मराठी फॉन्टची अडचण तेव्हाही होतीच!)

नाताळला मिस्सा संपली की चर्चच्या आवारात नाना देशांची कुटुंबं गप्पा मारत रेंगाळतात. आमची मुलं प्रार्थना इंग्रजीतच शिकली. म्हणून त्या दिवशी घरी मी त्यांना क्रिस्तपुराणातल्या चार ओव्या वाचून दाखवतो. एखादा जुना शब्द अडला, की वसईला आजीला फोन.