बर्फ वितळताना तापमान का थबकते? काशीतील जुनी नोंद आणि आजचा उपयोग

ब्रह्मा घाट (वाराणसी) : मराठी वस्तीसाठी परिचित असलेल्या ब्रह्मा घाटाच्या काशीनगरीत यंत्रे येण्यापूर्वीही हिवाळ्यात बर्फ तयार केला जात असे. जॉन लॉईड विल्यम्स यांनी बनारसहून कळविलेली ही पद्धत १७९३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

उथळ खड्ड्यांत कोरडे गवत पसरून त्यावर मातीची सच्छिद्र भांडी पाण्याने भरून ठेवली जात. निरभ्र रात्री हवेचे तापमान गोठणबिंदूच्या वर असतानाही त्यांत बर्फ धरत असे. पाणी आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे उत्सर्जित करते, तर खालचे गवत जमिनीची ऊब अडवते. या घटनेतील उत्सर्जनाचे महत्त्व विल्यम वेल्स यांनी १८१४ मधील दवावरील निबंधात स्पष्ट केले.

वितळण्याची क्रिया याच्या उलट असते. बर्फाला उष्णता मिळत राहिली तरी तो पूर्ण वितळेपर्यंत, मिश्रण ढवळत राहिल्यास, तापमापी शून्य अंश सेल्सिअसच दाखविते. ही उष्णता केवळ अवस्थांतरासाठी खर्च होते. तिला ‘अप्रकट उष्मा’ म्हणतात. स्कॉटिश शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी अठराव्या शतकात ही संकल्पना मांडली.

एक ग्रॅम बर्फ वितळण्यासाठी सुमारे ८० कॅलरी लागतात. ३० अंशांच्या २०० ग्रॅम पाण्यात शून्य अंशाचा ५० ग्रॅम बर्फ टाकल्यास मिश्रण सुमारे ८ अंशांवर स्थिरावते. बर्फाऐवजी शून्य अंशाचे तेवढेच पाणी टाकल्यास तापमान २४ अंश राहते. भांडे व हवेकडून मिळणाऱ्या उष्णतेमुळे प्रत्यक्ष मापनात थोडा फरक पडतो.

लसीकरणात हे तत्त्व निर्णायक ठरते. बहुतेक लशी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात आणि काही लशी गोठल्यास निकामी होतात. शीतकपाटातून नुकत्याच काढलेल्या बर्फपिशव्या शून्याखाली असतात. म्हणून त्या हलविल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत बाहेर ठेवतात. तो आवाज म्हणजे बर्फ वितळू लागल्याची आणि पिशवी शून्य अंशावर आल्याची खूण होय.