उच्च तद्रूपता ध्वनी व गृहजोडणी : पनवेल
दूरच्या संगणकावरील संगीत अखंड प्रवाहरूपाने घरातील ध्वनियंत्रणेपर्यंत आणताना मूळ ध्वनिमुद्रणातील बारकावे टिकून राहिले, तर त्या ध्वनीस उच्च तद्रूपता ध्वनी, व्यवहारात ‘हाय-फाय’, म्हणतात. त्यासाठी कोणती दूरसंचार जोडणी घ्यावी, हा प्रश्न घरगुती श्रोत्यापुढे अगदी अलीकडे उभा राहिला.

१९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर (सीडीवर) ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटांत, नोंदलेले असतात. दोन्ही वाहिन्या मिळून हा प्रवाह प्रतिसेकंद सु. १,४११ किलोबिट होतो. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली, तरी दूरध्वनीच्या तारेवरील मोडेमची गती पुढेही ५६ किलोबिटांपलीकडे गेली नाही. त्यामुळे कानास कमी जाणवणारा भाग गाळणाऱ्या एमपी३ संक्षेपणाचाच आश्रय घ्यावा लागे. संक्षेपण फार झाले की तानपुऱ्याचा सूक्ष्म झंकार व तबल्याच्या चाटेवरील तीक्ष्ण आघात प्रथम बिघडत. २००४ च्या धोरणाने ब्रॉडबँडची किमान गती २५६ किलोबिट ठरविली. २०१३ मध्ये ती ५१२ किलोबिट व जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट झाली. म्हणजे सीडीचा असंक्षेपित प्रवाह ब्रॉडबँडच्या शासकीय व्याख्येत मावण्यास २०२३ साल उजाडावे लागले! प्रत्यक्षातील जोडण्या तोवर कितीतरी पुढे गेल्या होत्या.

२००१ मध्ये आलेल्या ‘फ्लॅक’ या हानिरहित पद्धतीने सीडीचा प्रवाह साधारणतः निम्म्यावर येतो व एकही बिट गमावला जात नाही. २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झ दर्जाचा असंक्षेपित प्रवाहही ४.६ मेगाबिटांच्या आसपासच असतो. म्हणून ३०–४० मेगाबिटांची साधी जोडणी पुरेशी ठरते. ती ३०० मेगाबिटांची केल्याने संगीत अधिक गोड होत नाही. निवडीचा खरा निकष गती नसून सातत्य हा आहे.

पनवेल येथे २०२० मध्ये योट्टा कंपनीचे मोठे विदाकेंद्र सुरू झाले. परंतु विदाकेंद्र जवळ असले, तरी घरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यातील दोष त्यामुळे भरून निघत नाहीत. तांब्याच्या दूरध्वनी तारेवर अंतराबरोबर गती घटते; जोडात पावसाचे पाणी शिरले की खरखर व खंड सुरू होतो, आणि कोकणचा पाऊस चार महिने असतो. प्रकाशीय तंतूवर विद्युत्‌ गोंगाटाचा परिणाम होत नाही व काच विद्युत्‌वाहक नसल्याने विजेचा आघात तिच्यातून यंत्रांपर्यंत येत नाही. ऑक्टोबर २०२२ पासून भारतात आलेल्या पाचव्या पिढीच्या बिनतारी सेवेचा वेग मोठा असला, तरी तो मनोऱ्यावरील गर्दीनुसार बदलतो. तंतू उपलब्ध असेल, तर तोच घ्यावा.

घरात मात्र बहुतेकांची निवड फसते. २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात शेजाऱ्यांच्या यंत्रांची व मायक्रोवेव्ह भट्टीची गर्दी होते. ५ गिगाहर्ट्‌झच्या तरंगांना सिमेंट काँक्रीटच्या भिंती अडवितात. राउटरपासून ध्वनियंत्रणेपर्यंत साधी ईथरनेट तार टाकल्यास ही अडचण उरत नाही. १०० मीटरपर्यंत ती चालते. महागड्या तारांनी ध्वनी सुधारतो, हा समज निराधार आहे. विदा तुकड्यातुकड्यांनी येते, चुकलेला तुकडा पुन्हा मागविला जातो आणि वादनापूर्वी काही सेकंदांचा साठा करून ठेवला जातो; तारेच्या किमतीने बिट बदलत नाहीत. तोच पैसा राउटर व तंतूच्या टोकावरील पेटीसाठी लहान विद्युत्‌घट घेण्यात घालणे अधिक उपयुक्त, कारण वीज जाताच प्रकाशीय तंतूही मुका होतो.